डोणगावचे बालमंदिर बंद करण्याविषयी

डोणगाव, आश्विन वद्य चतुर्थी

प्रिय शरयू,

तुझे पत्र दसऱ्यापूर्वीच पोचले. उत्तरास विलंब झाला, कारण तू सांगितलेले काम पुरे करून मगच लिहावे असा माझा विचार होता, आणि ते काम पुरे होण्याचे चिन्ह कोठेही दिसत नाही. 'बालमंदिर बंद करा, खेळणी वाटून टाका आणि किल्ली अर्जुनरावांना द्या' अशी तीन विधेये तू एका वाक्यात कोंबलीस, आणि त्या वाक्याच्या शेवटी पूर्णविरामही दिला नाहीस. कारण तर दिलेच नाहीस. वाक्यरचनेविषयी समक्ष बोलेन. तूर्त एवढेच कळवितो की, तिन्हींपैकी एकही गोष्ट माझ्या हातून झालेली नाही. जन्मभर हेडमास्तरकी केली, नव्या शाळा उघडल्या, जुन्या चालविल्या, तऱ्हेवाईक तपासनिसांना तोंड दिले. परंतु चालू शाळा बंद करणे इतके दुर्घट असते हे मला या वयात डोणगावच्या आयाबायांनी शिकविले.

तुझ्या इच्छेप्रमाणे मी सर्व पालकांना मारुतीच्या धर्मशाळेत, म्हणजे तुझ्या बालमंदिरातच, बोलाविले. भाषण नीट तयार केले होते. त्याला प्रारंभ होता, मध्य होता, उपसंहार होता. मी प्रारंभातच असताना तानुबाई उठली. मोतीरामची आई तानुबाई, जिच्या हसण्यामुळे तुझी प्रार्थना मध्येच थांबत असे, तीच. म्हणाली, "मास्तर, सिधं सांगा ना, शाळा काऊन बंद करून राह्यले?" मी सांगितले की, शिक्षिका लग्न होऊन नागपुरास गेली आणि शिक्षिकेवाचून शाळा चालत नाही. त्यावर ही बाई म्हणते, "बाई गेली, पण तुमी त घरीच असता ना? का तुमचंबी लगन जमलं?" सगळी धर्मशाळा हसली. पुंजाजी, ज्याला मी स्वतः चौथीपर्यंत शिकविले आणि ज्याने मला एकाही विषयात समाधान दिले नाही, तो तर खांबाला धरून हसला. मग हसू ओसरल्यावर तोच म्हणाला, "गंमत सोडा मास्तर. कापसाचा वेचा तोंडावर आला. धाकट्याले मागच्या साली बांधावर निजवलं होतं, इंचू चावला. बाईच्या शाळेपासून आमचा जीव जाग्यावर हाय. कुलूप नोका लावू." सभा तेथेच उठली. उपसंहार मी घरी येऊन मनातल्या मनात म्हटला.

दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्याजवळ होती, म्हणून मुलेही माझ्याजवळ आली. यात तर्कशास्त्र कोणते, हे मला विचारू नकोस. आया शेताच्या वाटेने जाता जाता एकेकाला धर्मशाळेच्या पायरीवर ठेवीत आणि मागे न पाहता निघून जात. मी मुलांना रांगेत बसविले. रांग माझी पाठ वळेपर्यंत टिकली. मी मुळाक्षरे सांगू लागलो, तर त्यांना गोष्ट हवी होती. गोष्ट सांगू लागलो, तर तिच्यातला कोल्हा तुझ्या कोल्ह्यासारखा बोलत नाही म्हणून तक्रार आली. मुली भुलाबाईची गाणी म्हणत होत्या, मुलगे ओरडत होते, आणि ठोकळ्यांचा मनोरा प्रत्येकाला माझ्याच मांडीवर रचायचा होता. सर्वांत मोठा वैताग असा की, ही सगळी कार्टी मला 'बाई' म्हणून हाक मारतात. मी त्यांना समजावून सांगितले की मी पुरुष आहे, मला 'गुरुजी' म्हणावे. मोतीरामाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, मंग गोष्ट कधी सांगता?"

आता अर्जुनरावांविषयी. धर्मशाळेचा कारभार देशमुखांच्या घराण्याकडे आहे हे खरे. बालमंदिरासाठी जागा त्यांनीच दिली आणि पहिल्या दिवशीचा नारळही त्यांनीच फोडला, हेही खरे. आता त्यांचे म्हणणे असे की धर्मशाळा त्यांना कापूस ठेवायला हवी. त्यांच्या स्वतःच्या कोठ्या रिकाम्या आहेत, हे गावातले शेंबडे पोरही जाणते. दसऱ्याच्या संध्याकाळी ते सोने वाटत आमच्या गल्लीतून गेले. डावीकडच्या घरी थांबले, उजवीकडच्या घरी थांबले. आमच्या दारापुढून मात्र चष्मा पुसत पुढे गेले. मी हातात आपट्याची पाने घेऊन उंबऱ्यात उभा होतो. असो. पंचांपुढे त्यांनी विषय काढला तो असा: "बाई गेली, शाळा गेली. जिथं पोट्टं नाही, ते शाळा कायची?" मी म्हणालो, मुले रोज येतात. तेव्हा असे ठरले की सोमवारी सकाळी पंच स्वतः येऊन पाहतील. मुले बसलेली दिसली, तर वेचा संपेपर्यंत जागा बालमंदिराकडे राहील. नसली, तर किल्ली अर्जुनरावांकडे. अट स्पष्ट होती, तिच्यात संदिग्ध शब्द एकही नव्हता. मी स्वतः ती मोठ्याने वाचून दाखविली.

आणि यानंतर या मंडळींनी जे केले, ते पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्याही गावचे लोक करणार नाहीत. पंच येणार म्हटल्यावर बायांनी पहाटेच उठून धर्मशाळा सारवायला घेतली. पाहुणे येणार त्या घरी सारवण हवेच, एवढे त्यांना ठाऊक. नुसती जमीन नव्हे. ओटा सारवला, पायऱ्या सारवल्या, भिंतींना हात पोचेल तेथवर पांढरी माती दिली, दाराला तोरण बांधले, अंगणात रांगोळी घातली. मी पोचलो तेव्हा जमीन आरशासारखी चकाकत होती आणि तिच्यावर पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. मी विचारले, "मुले कोठे आहेत?" तानुबाई माझ्याकडे असे पाहू लागली की जणू मीच अडाणी. "लेकरं घरी हायेत ना मास्तर! तेल लावून, नवे कपडे घालून बसवले. ओल्यात आणलं त सारवण तुडवतीन. वाळलं की आणतो." ते वाळण्यापूर्वी पंच आले. त्यांना दिसली ती अतिशय स्वच्छ, सुशोभित आणि संपूर्ण रिकामी शाळा, आणि दारात कोपरापर्यंत शेणाने माखलेल्या हातांच्या बाया. अर्जुनराव हसलेसुद्धा नाहीत. "पाह्यलं सगळ्यायनं," एवढेच म्हणाले आणि त्यांनी आपले कुलूप लावले. मुले तेल चोपडून आली, तेव्हा तोरणाखाली कुलूप लोंबत होते.

त्या दिवशी मी तुला लिहिण्यास बसलो होतो. काम झाले, तुझ्या इच्छेप्रमाणे झाले, असे लिहिणार होतो. 'प्रिय शरयू' एवढे लिहून झाले आणि पुढचे वाक्य मला बांधता येईना. वाक्य बांधता न येण्याचा प्रसंग माझ्यावर फारसा येत नाही, हे तू जाणतेस.

दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांच्या वावरात सीतादही होते. दहीभाताचा नैवेद्य दाखविल्यावाचून कोणी कापसाला हात लावीत नाही, आणि नैवेद्य दाखवायचा तो वेचणाऱ्या बायांनीच. त्या सकाळी सगळ्या बाया कमरेला कापूस वेचायच्या ओट्या बांधून आधी देशमुखांच्या दारी गेल्या आणि एकूण एक लेकरू त्यांच्या ओसरीवर उतरवून मोकळ्या झाल्या. तानुबाईने वर सांगितले म्हणे, "मालक, धरमशाळेले तुमचं कुलूप, त लेकरंबी तुमच्याच पदरात. आमी दूर नाही जात, तुमच्याच वावरात हावो." थोड्याच वेळात देशमुखांचा गडी मला बोलावण्यास धावत आला. मी गेलो. एक मूल लोडाला मिठी मारून झोपले होते. दोघे पिण्याच्या घागरीत हात धूत होते. कोणीतरी अर्जुनरावांच्या पगडीत ठोकळे भरले होते. तू त्यांना पादत्राणे ओळीने लावण्याचे शिकविले आहेस, म्हणून घरातले झाडून सारे जोडे अंगणात ओळीने मांडलेले होते आणि अर्जुनराव अनवाणी उभे होते. त्यांच्या पत्नी पुष्पाबाई, ज्या परक्या पुरुषांसमोर कधी ओसरीवर येत नाहीत, त्या चक्क उंबऱ्यावर बसून मुलांबरोबर मणी ओवीत होत्या. अर्जुनराव मला म्हणाले, "मास्तर, यायले घेऊन जा." मी म्हणालो, "नेले असते. पण किल्ली माझ्याजवळ नाही." इतके आटोपशीर आणि निर्दोष वाक्य मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

मग मात्र त्यांच्या तोंडून खरे बाहेर पडले. मी ते जसेच्या तसे लिहितो, कारण तूही ते ओळखून आहेस. तुझ्या पूर्णविराम नसलेल्या वाक्याचा उरलेला भाग तोच होता. म्हणाले, "विधवा पोरीचा दुसरा घरोबा करून दिला तुमी. तिची शाळा मी देवाच्या दारात ठेवू?" मी उत्तर शोधीत होतो. उत्तर पुष्कळ मोठे झाले असते; त्यात शास्त्राचे आधार आले असते. तेवढ्यात मागून आवाज आला. नैवेद्याचे दही ओसरीवरच राहिले म्हणून तानुबाई वावरातून परतली होती. "मालक, आमच्यात त विधवेचा पाट लावतेत. माह्या सासूचाच पाट होता. जन्मभर तुमचंच वावर निंदलं तिनं. तिच्या हातचा कापूस चालला तुमाले, अन् बाईच्या हातचं लेकरू नाही चालत?" अर्जुनराव वावराच्या दिशेने पाहत राहिले. तेथे कापूस फुटून पांढरा झाला होता आणि बाया बांधावर स्वस्थ बसल्या होत्या. शेवटी पुष्पाबाई उठल्या, पदर सावरून आत गेल्या, खुंटीवरची किल्ली आणली आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. अर्जुनरावांनी त्यांना अडविले नाही. एवढेच म्हणाले, "आधी माहे जोडे द्या."

तेव्हापासून ती किल्ली माझ्या जानव्याला बांधलेली आहे आणि मी रोज सकाळी, या गुडघ्यांनिशी, जमिनीवर बसतो. अर्जुनराव अजून माझ्याशी बोलत नाहीत. वेचा संपल्यावर पुन्हा विषय काढतील, अशी माझी खात्री आहे. पुष्पाबाईंनी मात्र मण्यांसाठी चांगला पिळाचा दोरा पाठविला आहे. तुझ्या कोल्ह्याचा आवाज मला अजून जमत नाही. शिवाय एक मूल रडू लागले की बाकीची सगळी रडू लागतात. त्या वेळी तू काय करीत होतीस, ते उलटटपाली सविस्तर आणि विरामचिन्हांसह कळव.

आता ज्यासाठी लिहिण्यास बसलो ते. 'माझ्यापायी नानांना गावात त्रास नको' म्हणून तू शाळा बंद करायला निघालीस आणि लग्नानंतर इकडे पाऊलही टाकले नाहीस. काल सगळे पालक माझ्या ओसरीवर येऊन बसले. तानुबाईने विचारले, "बाईचा दिवाळसण कोन करीन? तुमाले त चहाबी येत नाही." पहिल्या लग्नानंतर तुझा दिवाळसण झाला होता तो तुझ्या आईने केला होता. सगळ्या करंज्या तिच्या एकटीच्या हातच्या होत्या. दुसऱ्या लग्नाचा दिवाळसण करावा किंवा करू नये, याविषयी माझ्याजवळच्या एकाही ग्रंथात एक अक्षर नाही, हे मी रात्र घालवून पाहिले. जेथे निषेध नाही तेथे करावा, असा माझा निर्णय आहे. तेव्हा भालचंद्ररावांना माझा नमस्कार सांगून त्यांच्यासह धनत्रयोदशीपर्यंत येऊन पोच. अकोल्याहून मेहकरच्या मोटारीत बसा. पुंजाजी वाजंत्री घेऊन उभा राहणार आहे. मी नको म्हणून पाहिले, त्याने ऐकले नाही. करंज्या घराघरांतून येतील, म्हणजे एकीसारखी दुसरी असणार नाही. बाया धर्मशाळा पुन्हा सारवणार आहेत. ते सारवण आदल्या दिवशीच करावे, एवढे मी त्यांना बजावले आहे. तू पोचशील तेव्हा ते वाळलेले असेल, आणि मुले आत बसलेली असतील.

तुझाच,
नाना
(सकाळच्या वेळेपुरता, नाइलाजाने, 'बाई')