तिप्पेस्वामीचा कोट

३ जुलै, सोमवार
मापाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. तिथे लिहितेय. सहनाच म्हणते, अव्वा, कुणी काय केलं ते तारखेनिशी लिहिलेलं असलं की कोर्टात टिकतं. म्हणून लिहिणार. उद्या कुणी नाही म्हणायला नको.

मुलगी वकील झाली. सनद आली. आता हाताखाली घेणारा सीनियर पाहिजे. दावणगेरे कोर्टाच्या गल्लीत एकवीस वर्षं काळे कोट शिवतेय मी. निम्म्या वकिलांच्या कमरा या वहीत आहेत. आठ दिवसांत काम होईल. फार तर दहा.

वकिली किती चालते ते पाटीवरून कळत नाही, कमरेवरून कळतं. चन्नबसप्पा साहेब पहिल्यांदा आले तेव्हा चौतीस होते, आता चव्वेचाळीस. ठरलं. तेच सहनाचे सीनियर. शकुंतला मॅडम पंधरा वर्षं अठ्ठावीसच आहेत. त्यांचं नाव यादीतून खोडलं.

सहनाचा कोट कमरेत दोन इंच सैल शिवलाय. पुढे लागेल. ती पिना लावून घालते. घालू दे.

७ जुलै, शुक्रवार
चन्नबसप्पा साहेब ट्रायलला आले. कमरेला टेप गुंडाळली आणि मगच विचारलं. टेपमध्ये अडकलेला माणूस पळत नाही. म्हणाले, बघू अम्मा, आषाढ जाऊ दे.
वकिलाला कसला आषाढ? खून आषाढात होत नाहीत काय?

२० जुलै, गुरुवार
आषाढ गेला. आता म्हणतात यंदा अधिक महिना आहे, नवीन काही नको. नवीन कोट मात्र चालतो. काहीतरी शिजतंय.

२ ऑगस्ट, बुधवार
शिजलं होतंच. तिप्पेस्वामी नावाचा पोरगा माप द्यायला आला. सहनाच्याच वर्गातला. छाती छत्तीस, कंबर एकोणतीस. कुणाकडे बसतोस विचारलं. चन्नबसप्पा साहेबांकडे, म्हणे. कधीपासून? आषाढापासून!
भाचा आहेस काय त्यांचा, विचारलं. म्हणाला, नाही हो अम्मा, नुसत्या फायली उचलतो, पगारसुद्धा नाही. फुकट कोण कशाला फायली उचलेल? आत काहीतरी आहे.
सहनाची जागा या पोराने खाल्ली.

ठराव. सहनाला खुर्ची मिळेपर्यंत याच्या कोटाला बटणं लागणार नाहीत. कोटाशिवाय न्यायाधीश ऐकत नाहीत. बघू कसा उभा राहतो. त्याला दहा तारीख दिली.

१० ऑगस्ट, गुरुवार
तिप्पेस्वामी आला. अस्तर मिळालं नाही म्हटलं. सतरा दिली.

१७ ऑगस्ट, गुरुवार
आला. वीज नव्हती म्हटलं. तो माझ्या पायाखालच्या पॅडलकडे बघत राहिला. मशीन पायाचं आहे. काही बोलला नाही. न बोलणारी माणसं वाईट. एकतीस दिली.

चन्नबसप्पा साहेबांचाही कोट अडवला. मग म्हटलं एकाला का, सगळ्यांनाच कळू दे. जो सहनाला बघू म्हणाला, त्याचा कोट खुंटीवर. त्या पोराचा धरून नऊ झाले. शकुंतला मॅडमचा तेवढा वेळेवर दिला. त्यांना विचारायचंच नव्हतं, तर अडवून काय करू?

२९ ऑगस्ट, मंगळवार
सहना चिडली. म्हणाली, अव्वा, माझ्यासाठी कुणाला विचारू नकोस, मी विचारतेय. बत्तीस जणांना विचारून झालं. कुणी म्हणतो जागा नाही, कुणी म्हणतो मुली लग्न झालं की सोडतात, कुणी नुसता हसतो आणि विचारतो, रत्नम्माची मुलगी ना तू?
हसतो कशाला? नोंद करून ठेवते.
मग म्हणाली, दसऱ्यापर्यंत बघते, नाहीतर बेंगळुरूला जाते. तिथे फोनवर कर्जवसुलीची नोकरी आहे. लोकांना फोन करून दम द्यायचा. दम द्यायला पाच वर्षं शिकावं लागतं होय? तो तर मीही देते.
घरात दोन माणसं. ती गेली की मी आणि मशीन. तसलं काही होणार नाही. माझा बंदोबस्त पक्का आहे.

३१ ऑगस्ट, गुरुवार
तिप्पेस्वामी आला. सुई मोडली म्हटलं. म्हणाला, अम्मा, दुसऱ्याचा कोट मागून उभा राहतो मी, बाह्या बोटांपर्यंत येतात, न्यायाधीशांनी विचारलं हात आहेत काय तुला. मला हसू आलं. दाबलं. चौदा दिली.

१४ सप्टेंबर, गुरुवार
गिऱ्हाईक आटलं. सगळे स्टँडजवळच्या रेडिमेडवाल्याकडे जातात. त्यानेच फितवलं असणार. तिप्पेस्वामीला काजं बिघडली म्हटलं. अठ्ठावीस दिली.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
गणपती झाल्यापासून सहना सकाळी नऊला जाते, संध्याकाळी सातला येते. कुठे विचारलं तर लायब्ररी. लायब्ररीत एवढी भूक लागते? आल्या आल्या चुरमुऱ्यांची मंडक्की आणि चार मिरच्या खाते. बोटांना शाई. कुणी मुलगा असणार. मुलाची शाई कशी लागते ते कळत नाही, पण असणार.

२८ सप्टेंबर, गुरुवार
या वहीत खूण म्हणून बसचं तिकीट ठेवते. आज ते दुसऱ्याच पानात. कुणीतरी वाचतंय. तिप्पेस्वामी सकाळी इथल्या स्टुलावर बसला होता. तोच. त्याला मशीनची बॉबीन हरवली म्हटलं. बारा दिली.
वही आता पिठाच्या डब्यामागे. जागा सहनाशिवाय कुणाला ठाऊक नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
तिप्पेस्वामी आलाच नाही. घाबरला. आता साहेब स्वतः येणार. दसऱ्याआधी सहना खुर्चीत.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
जिंकले!
दुपारी रजिस्टर पोस्ट आलं. जाड पांढरा कागद, वर कन्नडमध्ये छापलेलं: सहना, वकील. छापील! मी चौथी शिकलेय, तेवढं वाचता येतं. खाली सगळं इंग्रजी आणि तिची सही. त्याच्यावर आणखी कुणाचं तरी नाव होतं, ते कशाला बघू? मुलीने आईला कळवलं असणार, तेही रीतसर पोस्टाने. तोंडाने सांगायला लाजली.
अर्धा किलो पेढे आणले. कागद घेऊन गल्लीभर फिरले. चहावाला, झेरॉक्सवाला, नोटरी, सगळ्यांना दाखवला. कोपऱ्यावरचा टायपिस्ट वाचता वाचता थांबला. पेढा हातातच राहिला. म्हणाला, अम्मा, हे तुम्ही कुणाकुणाला दाखवलंत? सगळ्यांना, म्हटलं. जळतो मेला.

२० ऑक्टोबर, शुक्रवार
ती नोटीस आहे. मला.

रात्री सहनाकडून वाचून घेतली. माझे अशील श्री. तिप्पेस्वामी यांचा कोट आपण, वगैरे. दहा ऑगस्ट अस्तर, सतरा वीज, एकतीस सुई, चौदा काजं, अठ्ठावीस बॉबीन. एक तारीख चुकलेली नाही. सात दिवसांत कोट द्या, नाहीतर ग्राहक न्यायालय.
विचारलं, या तारखा माझ्या वहीतून घेतल्यास? म्हणाली, कोर्टात टिकावं म्हणूनच लिहितेस ना?

वरचं नाव शकुंतला मॅडमचं. गणपतीपासून त्यांच्याकडेच बसते. मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, सांगितलं असतं तर त्यांचाही कोट खुंटीवर गेला असता. बत्तीस जणांकडे गेले, अव्वा. आठ जण आधी कोट कुठाय विचारायचे. बाकीच्यांना त्या आठ जणांनी सांगितलेलं. मॅडमचा कोट तेवढा अंगावर होता.

म्हणजे माझ्यामुळेच मिळालं. मी वेळेवर दिला म्हणून. हे तिला म्हटलं. ती उठून झोपायला गेली.

२३ ऑक्टोबर, सोमवार, आयुधपूजा
मशीन, कैची, टेप, सगळ्याला हळदीकुंकू. आज हत्यारं चालवायची नसतात. आठ कोट काल घरोघर पोचते केले. चन्नबसप्पा साहेबांना त्यांचा आता कमरेत होत नाही. तिप्पेस्वामीची बटणं राहिली.

दहा वाजता सहना दारात. मागे तिप्पेस्वामी, उसन्या बाह्यांत. म्हटलं, पोरा, आज सण आहे, गुरुवारी ये. तो वळलासुद्धा. सहना हलली नाही. म्हणाली, तारीख नको अव्वा, कोट दे.

सुईवरचं कुंकू पुसलं आणि बटणं लावायला बसले. दोघं समोर उभी राहिली. त्याने कोट घातला. बसला. अंगावर चांगला बसला, तेही लिहून ठेवते.

मग तिने स्वतःचा कोट पुढे केला. कमरेत दोन इंच कमी कर, पिना टोचतात. उसवला. शिवून दिला.

कापड कापलं नाही, आत दुमडून ठेवलंय. तिला सांगितलेलं नाही. वही आता मशीनच्या खणात.