ज्ञानूचा हात

मंगळवार, दिवेलागण, मखमलाबाद

अजून छाती धडधडतीय, पण आनंद पोटात मावत नाय म्हणून लिहायला बसले. दुपारी झेंडूचा क्रेट उचलला तर खाली काळा साप, अंगावर पांढरे पट्टे. हलेचना. माझा धाकटा ज्ञानू म्हणाला, "कवड्या हाय, बिनविषारी. थांब आई, हातानं उचलून बांधावर सोडतो." अन् हात पुढे केलाच.

नात दीपा ओरडली, "काका, हात मागं घ्या!"

ही कॉलेजात प्राण्यांचं शिकते. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा साहेबाचं चरित्र वाचतीय. त्यानं म्हणे जन्मभर मासे न् साप बरण्यांत भरले, खवले न् खवले न्याहाळले, बायको वैतागली. वैतागणारच की, घरात सापाच्या बरण्या कोण खपवून घेईल? पण मी कुठं भरकटले, ज्ञानूचा हात तसाच, सापापासून वीतभर!

"कालची पोर मला शिकवतीय!" तो हसला.

दीपा लांबूनच वाकली. "पट्टे शेपटीकडं दाट आहेत, मानेजवळ नाहीत. पाठीच्या मधले खवले मोठे. साहेबानं अगदी हेच चित्र काढलंय. काका, मण्यार आहे ही."

मण्यार! नागापेक्षा जहाल विष तिचं. ज्ञानूनं हात हळूच मागं घेतला.

सर्पमित्र आला, पिशवीत घेताना म्हणाला, "मण्यारच. दिवसा सुस्त असते, म्हणून माणसं फसतात."

तेव्हापासून ज्ञानू पुतणीला मॅडम म्हणतोय. मघाशी स्वतः चहा करून आणला, "मॅडम, साखर पुरे का?" दीपा हसली अन् हसता हसता रडायलाच लागली. मग आम्ही तिघंही.