साठ दिवसांचा दोर

३ मार्च
आजपासून नोकरी सुरू. खोली दुसऱ्या मजल्यावर, ऐसपैस, खिडकीत समुद्र. ताईने फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. ज्या पाण्याने तुझी सात वर्षांची पोर नेली, त्याच्याच उशाशी कोण राहायला जातं, म्हणाली. मी जातो. दोन वर्षांनी आज पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं, हे मात्र तिला सांगितलं नाही.

४ मार्च
काम सोपं आहे. समुद्राच्या पाण्यात अगदी कणभर युरेनियम असतं. ते धरून ठेवणारे धाग्यांचे जाड दोर आम्ही पाण्यात सोडतो. साठ दिवसांनी वर काढून ॲसिडच्या टाकीत बुडवायचे. धातू सुटतो, तो वीजघराकडे जातो. सुपरवायझर मिश्कील आहेत. म्हणाले, समुद्रात सगळंच थोडंथोडं विरघळलेलं असतं, दोराला वेळ दिलात तर तुमचं हरवलेलं पाकीटही आणून देईल.

१९ मार्च
आज अकरा दोर धुतले. टाकीत पडताच ते पीळ घेतात, बारीक आवाज येतो. वायू सुटतो, लक्ष देऊ नका, असं सुपरवायझर म्हणाले. मी मन लावून धुतो. शाबासकीही मिळाली.

१४ जून
माझ्याकडून घोळ झाला. एका दोराचा तारखेचा बिल्ला मी नीट बांधला नव्हता, तो गळून पडला आणि दोर साठऐवजी शंभर दिवस पाण्यात राहिला. आज वर काढला. उबदार लागला. धाग्यांखाली काहीतरी मऊ आहे.

१५ जून
कुणाला सांगितलं नाही. दोर खोलीवर आणून मिठाच्या पाण्यात, टबात ठेवला. धाग्यांखाली कान आहे. कानामागे तीळ. तो तीळ मी ओळखतो. दिवसभर रडलो, आनंदाने.

१७ जून
तोंड उमटलं. बाबा, म्हणाली. पण डोळे नाहीत. खांद्याखाली नुसते धागे. बाकीची कुठे आहे — मग तो आवाज आठवला. टाकीतला. तीनशेच्या वर दोर. एकेक करून मीच, मन लावून —

१८ जून
सुपरवायझर दार ठोठावतायत. दोर द्या म्हणतात. ती कुडकुडतेय. जवळ घ्यायचंय, एवढंच. हात दहादा धुतले — ॲसिडचा वास जात नाही. तो वास आला की ती आक्रसते. बाबा आहे गं, म्हणतो मी — ऐकत नाही, टबाच्या कडेला सरकते, हाका मारते, बाबा, लवकर ये, तो आला, परत तोच आला, बाबा —