बागेतली पाटीवाली

कंपनीची वसाहत, चिंचवड
ता. २० नोव्हेंबर १९६६

चि. ज्ञानदेव यास कस्तुराआक्काचा स. जयभीम व आशीर्वाद वि. वि.

मी बरी आहे. तुझे दाजी वारल्यावर कंपनीनं मला एक खोली दिली आणि नव्या बागेत झाडलोटीला घेतलं, ती बाग गेल्या महिन्यात उघडली. साहेबांनी नारळ फोडला, पोरांनी पेढे खाल्ले, करवंट्या आणि कागद मी उचलले.

बाग कशी दिसते म्हणून तू तळेगावात बसून मला विचारतोस. दोन महिने खपून पुतळे तू केलेस, आणि विचारतोस मला! उद्घाटनाला यायला काय पालखी पाठवायची होती? तर ऐक. आमचे वेल्फेअर साहेब मारुतराव अमेरिकेतली एक बाग बघून आले. तिथं म्हणे एका फाटकातून गेलं की रान, दुसऱ्यातून गेलं की राजाचा किल्ला, असे एका बागेत चार मुलुख असतात. आमच्याकडे जागा एकाच मुलुखाची, म्हणून त्यांनी ‘आपले गाव’ केलं. विहीर आहे, तिला पाणी नाही. बैल आहेत, त्यांना शेण नाही. पारावर सिमेंटचा पाटील बसलाय, तो आमच्यातल्या कुणाला लांब हो म्हणत नाही. असलं गाव मी जन्मात बघितलं नाही. गावाला विटून जी माणसं इथं कारखान्यात आली, तीच रविवारी पोरांना इस्त्रीचे कपडे घालून गाव बघायला येतात. अकलेचा नुसता दुष्काळ.

पण विहिरीच्या काठावर डोक्यावर पाटी घेतलेली बाई तू उभी केलीस, ती आपली आई आहे. मला बोलला नाहीस, चोरा. रेल्वेच्या खडीवर पाटी उतरवायच्या आधी आई मान डावीकडे कलती करायची, तशीच आहे. आईचा फोटो कधी निघालाच नाही. ती गेली तेव्हा तू तीन वर्षांचा, मी तेरा. आता रोज सकाळी पहिला खराटा मी तिच्या पायाशी मारते. शेजारची जाईबाई म्हणाली, ही तर तुझ्याच नाकाची दिसते. मी म्हटलं, आईची लेक आईसारखी दिसणार नाही तर काय तुझ्यासारखी दिसेल?

भावजय अंबूला आशीर्वाद. लोभ आहेच, तो दर पत्रात मागायला लावू नकोस.

तुझी आक्का
कस्तुरा


तळेगाव दाभाडे
ता. २ डिसेंबर १९६६

ती. आक्कास ज्ञानदेवचा स. जयभीम वि. वि.

पत्र अंबूनं वाचून दाखवायला लावलं आणि पाटलाच्या ओळीला पोट धरून हसली. उद्घाटनाला मला कुणी बोलावलं नव्हतं. काम संपल्यावर गवंड्याला कोण बोलावतं?

पाटीवालीबद्दल तू लिहिलंस. तुला समाधान वाटलं, ह्यातच सगळं आलं. साहेब एवढंच म्हणाले होते की एक कष्टकरी बाई पाहिजे. तोंड कसं हवं ते बोलले नाहीत, मग हाताला आलं तसं झालं. आत सळ्यांचा सांगाडा आहे, त्यावर जाळी आणि वर सिमेंट. आपण दोघं जाऊ, ती जायची नाही. फक्त शेवाळ धरलं तर काथ्यानं घास. तारेचा ब्रश लावू नकोस, नाक नाजूक आहे.

ह्या धाकट्यावर माया आहे तशी राहू दे.

तुझा
ज्ञानदेव


चिंचवड
ता. १८ जानेवारी १९७०

चि. ज्ञानदेव यास आक्काचा जयभीम. आशीर्वाद देणार नव्हते, पण सवयीनं लिहून गेले.

गेल्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला आणि त्याचा राग आमच्या विहिरीवर निघाला. मारुतराव साहेबांना एका सकाळी कळलं की गाव जुनं झालं. पोरांना आता चंद्र पाहिजे म्हणे. कुठल्या पोरानं अर्ज केला होता कुणास ठाऊक. वीस दिवस बागेला तट्टे लावले आणि फाटकावर ‘चंद्रलोक’ लिहिलं. विहीर बुजवून तिचा खड्डा केला, तो चंद्रावरचा. बैलांची शिंगं उडवून त्यांचे खडक केले. बैलगाडी उभी करून तिचं रॉकेट केलं. पाटलाला चष्मा लावला, तो आता शास्त्रज्ञ. हा पाटील कुठल्याही राज्यात खुर्ची सोडत नाही बघ.

आणि आईच्या पाटीवर तू चंदेरी टोप बसवलास! लुगड्यावर सिमेंट थापून पायजमा केलास! ते काम तू घेतलंस कसं? तुझा हात झडला नाही?

रविवारी थेरगावची चिमाबाई नातवंडं घेऊन आली. तिनं काय समजून घेतलं देव जाणे, आईच्या टोपाला हळदकुंकू लावून पाया पडली. मी म्हटलं, बाई, ही देवी नाही, ही चंद्रावर नोकरीला आहे. तर म्हणाली, असू दे, आकाशातली आहे ना. आता दर रविवारी चारदोन बायका येतात आणि दर सोमवारी मी ते पुसत बसते. साहेबाला एक अक्कल नाही आणि पब्लिकला दुसरी.

लोभ असावा, त्याआधी लाज असावी.

कस्तुरा


तळेगाव दाभाडे
ता. २९ जानेवारी १९७०

ती. आक्कास ज्ञानदेवचा स. जयभीम वि. वि.

शिव्या पोचल्या. अजून असतील तर पाठव, पण आधी माझं ऐक.

लोखंड आणि सिमेंट परमिटशिवाय मिळत नाही, म्हणून साहेबांचा हुकूम असा की काही मोडायचं नाही, आहे त्याच्यावरच थापायचं. बागेचं रूप असंच पालटतात, आक्का. सांगाडे तेच, नळ तेच, फाटकही तेच. वरचा दीड बोट थर तेवढा बदलतो. मी नाही म्हटलं असतं तर दुसरा गवंडी आला असता. टोप नीट बसेना म्हणून साहेब म्हणाले की बाईची मान सरळ कर. मी सांगितलं, आतली सळई वाकत नाही. खोटं सांगितलं. सळई अर्ध्या तासात सरळ झाली असती.

तुझी मान आहे तशी आहे. टोपाच्या आत तोंडाला मी थापी लावलेली नाही, नुसता चुना फिरवलाय.

राग ओसरला की चार ओळी लिहाव्यात, ही विनंती.

ज्ञानदेव


चिंचवड
ता. ६ जून १९७६

चि. ज्ञानदेव यास आक्काचा जयभीम व आशीर्वाद.

‘तुझी मान’ लिहितोस! माझी नाही, आईची मान. सहा वर्षांपूर्वीचं तुझं ते पत्र काल डब्यात सापडलं, म्हणून आठवण करून देते. आधी लिहायला शीक.

चंद्र मावळला. मारुतराव साहेब बदलून गेले आणि सोपानराव साहेब आले. नव्या साहेबाला जुन्या साहेबाचा चंद्र कसा चालेल? आता ‘सुखी संसार’. रॉकेट आडवं करून त्याचा दवाखाना केला. पाटील डॉक्टर झाला, हे वेगळं सांगायला नकोच. आणि आईच्या अंगावर गुलाबी पातळ चढवून दोन्ही बाजूंना एकेक पोर उभं केलंस. खाली लिहिलंय, दोन मुले पुरेत.

आईची सात बाळंतपणं झाली. पाच पोरं तिनं पुरली आणि त्या दिवशीसुद्धा पाटी उचलली. तिला ह्यांनी दोन गुटगुटीत पोरं चिकटवून सुखी केलं. इतकं सोपं होतं तर १९३० सालीच करायचं होतं की. सोपानराव साहेब पुतळ्याकडे छडी करून मला समजावत होते की अशी आई आदर्श. मी म्हटलं, साहेब, हिचं तुमच्यापेक्षा मला जास्त माहिती आहे. ते हसले. मी हसले नाही.

आणखी एक. जन्मभर जिच्या हाडावर मांस चढलं नाही, ती आता दर बदलाला सिमेंटचं बाळसं धरतेय. पुढच्या साहेबापर्यंत ती मावायची नाही. टोप काढलास तेवढं बरं केलंस. पण तोंडाला एवढी पावडर थापलीस की मला रोज जवळ जाऊन ओळखावं लागतं.

हळदकुंकू चालूच आहे. आता लेकुरवाळी म्हणून.

लोभ ठेव, थापी आवर.

कस्तुरा


तळेगाव दाभाडे
ता. ११ फेब्रुवारी १९८१

ती. आक्कास ज्ञानदेवचा स. जयभीम वि. वि.

हे पत्र मिळेल तेव्हा तू बसली असशील तिथेच वाच, पण वाचून ऊठ.

गेल्या आठवड्यात नवे नंदकिशोर साहेब स्वतः माझ्याकडे येऊन गेले. आता ‘जादूचे जंगल’ करायचं आहे. मुंबईहून फायबरचे हत्ती आणि परी येणार आहेत, म्हणून ह्यावेळी थापायचं नाही, सगळं पाडायचं. पाडायचं काम ते मला देत होते. मी घणाला हात लावणार नाही म्हणालो. त्यांनी दुसरी माणसं ठरवली. आज त्यांचा कारकून सांगत आला की तू दोन दिवस पुतळ्याच्या चौथऱ्यावर ठाण मांडून बसलीस, आईला हात लावाल तर याद राखा म्हणतेस. साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. नाही उठलीस तर कामावरून काढणार आणि खोलीही घेणार. आक्का, तुला पंचावन्न झाली. खोली गेली तर तू माझ्याकडे यायची नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून सांगतो. ती आई नाही.

मला आई आठवतच नाही. तोंड करायला बसलो आणि डोळे मिटले की तूच दिसायचीस, मला कडेवर घेऊन चुलीपुढे बसलेली. ते नाक तुझं, कपाळ तुझं. मान तेवढी आईची, ती मी तुझ्याकडून ऐकून केली. तुझ्या पहिल्याच पत्रात तू इतकी सुखावली होतीस की माझ्यानं सांगवेना. पुढे पंधरा वर्षं सांगवेना. माझ्या हातून झालं त्याला मोठी चूक म्हण, पण तुझ्याच तोंडासाठी तू तुझं छप्पर घालवू नकोस.

रागावूनसुद्धा तुझाच,
ज्ञानदेव


चिंचवड
ता. १६ फेब्रुवारी १९८१

चि. ज्ञानदेव यास आक्काचा जयभीम.

पत्र चौथऱ्यावर बसूनच वाचलं. दोनदा वाचलं. मग लुगडं झटकलं आणि उठले. नंदकिशोर साहेबाला वाटलं मी त्याला भ्याले. वाटू दे. जंगलात परी आणून ठेवणाऱ्या माणसाला काय काय वाटत असेल, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

गाढवा, पंधरा वर्षं मी माझ्याच पायाशी झाडलोट केली. थेरगावची चिमाबाई मला, नवरा मेलेल्या बाईला, दर रविवारी हळदकुंकू लावत होती आणि सोमवारी पुसत होते मीच. जाईबाईनं पहिल्याच दिवशी ओळखलं. त्या जाईबाईनं, जिला स्वतःचा चष्मा कपाळावर असताना सापडत नाही! मी आरशात कधी नीट बघितलं असतं तर मलाही कळलं असतं. तुला वाढवण्यात सवड कुठली झाली?

शुक्रवारी घण पडले, ते उभी राहून बघितलं. आधी गुलाबी पातळ गळलं. मग चंदेरी पायजमा. दोन्ही पोरं आधीच पडली होती, तुझं ते काम कच्चं. पावडर उडाली, चुना उडाला आणि आतून जुनं तोंड निघालं. व्हय, माझंच आहे. चांगलं केलंस, मेल्या. मी इतकी बरी दिसत होते, हे त्यावेळी कुणी बोललं नाही.

मग मी आईचं तोंड आठवायला गेले. आठवेना. कधी गेलं ते कळलंच नाही. डोळे मिटले की तुझं सिमेंटच पुढे येतं. म्हणजे तू तीन वर्षांचा विसरलास आणि मी तेरा वर्षांची. तुला तेवढी शिवी कमी देते.

पण मान आईची आहे. म्हणून घणवाल्याला म्हटलं, डोकं तोडायचं ते गळ्यापाशी नाही, खांद्यापासून तोड. साहेबानं विचारलं, हे घेऊन काय करणार? मी म्हटलं, दार वाऱ्यानं आपटतं, त्याला टेकण पाहिजे. लगेच परवानगी दिली. आई म्हणाले असते तर फाईल केली असती. पाटीसकट चौघांनी उचलून आणलं. ती आता माझ्या दारात आहे, डोक्यावर अर्धी पाटी, मान डावीकडे. पाटील तेवढा वाचला. त्याला कान लावून जंगलात माकड करणार आहेत. पंधरा वर्षांत पहिल्यांदा काम त्याला शोभेलसं मिळालं.

घणानं नाक झडलं. तारेचा ब्रश मी कधी लावला नाही, हे लक्षात ठेव. रविवारी ये आणि नाक बसव. ह्यावेळी डोळे मिटायचे नाहीत. मी समोर पाटावर बसते, बघून बसव. म्हातारं झालंय, पण आई जगली असती तर तिचंही झालंच असतं.

अंबूला घेऊन ये. लोभ आहे. थापी विसरू नकोस.

तुझी आक्का
कस्तुरा