जवसाची छापील फुलं

२० नोव्हेंबर
शेवंती दाबून संपली. पिवळी नीट सपाट होते, पांढरी मात्र कडेनं तांबूस पडली. अर्धी टाकून दिली. उरलेली जुन्या पंचांगांच्या पानांत आहेत, वर पाटा. आता आठ दिवस उचकायचं नाही. दरवेळी उचकते आणि पाकळी मोडते, मग स्वतःलाच शिव्या.

दुपारी ज्यो. आली. दुकान बंद ठेवून आली म्हणजे काम मोठं. केजच्याच एका पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न आहे. लग्नाला आलेल्या बायकांना पिशव्या द्यायच्यात आणि प्रत्येक पिशवीला फुलाचा टॅग हवाय, नाव लिहायला जागा असलेला. ढीगभर. तेही पंधरवड्यात.

"ज्योते, फुलं काय गिरणीतून दळून आणायचीत व्हय?"
"कर की गं सुमे कसं तरी. असलं घर परत यायचं न्हाई."

नाहीच जमणार म्हटलं. एकेक फूल खुडा, दाबा, काडीनं फेविकॉल लावा, कागदावर ठेवा, पुन्हा वजन. थोडं करू पण खरं करू, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. मी घरात फुलांची कार्डं चिकटवते, ती स्टँडजवळच्या तिच्या गिफ्ट सेंटरात विकते. इतकी वर्षं भांडण म्हणून नाही.

"बरं, न्हाई म्हणून सांगते त्यांला," म्हणाली. चहा अर्धा ठेवून गेली.

२७ नोव्हें., मार्गशीर्षातला पहिला गुरुवार
पूजा मांडली. ज्यो. हळदीकुंकवाला आली. लग्नवाल्यांचं काय झालं विचारलं. "झालं. न्हाई म्हणलं." माझ्याकडे न बघता, तांदूळ सारखे करत म्हणाली. वाटलं, नुकसान झालं बिचारीचं माझ्यापायी. वाईट वाटून तरवडाची चार कार्डं जास्तीची दिली तिला. तरवड दाबून सोन्यासारखा राहतो.

हे संध्याकाळी बीडच्या ड्यूटीवरून आले. ज्यो.नं बीडला द्यायला एक पाकीट दिलं होतं म्हणे, पोचवलं. दुकानाचं काही असेल.

७ डिसेंबर
अक्षर वेडंवाकडं येईल. येऊ दे.

त्याच लग्नाला गेले होते. सगळ्या केजला आमंत्रण, त्यात आम्हीही. जेवण झालं, निघताना हळदीकुंकू लावून हातात पिशवी. पिशवीला टॅग. टॅगवर जवसाची तीन निळी फुलं, खालच्या फुलाची एक पाकळी मुंगीनं कुरतडलेली.

आधी काही कळलंच नाही. नुसतं वाटलं, ओळखीचं आहे. मग शेजारणीची, लताकाकूंची, पिशवी पाहिली. तीच तीन फुलं. तीच कुरतडलेली पाकळी. बोट फिरवलं तर गुळगुळीत, फुलाचा उंचवटाच नाही. छापलेलं.

मग मी मांडवभर फिरले. "जरा बघू तुमची पिशवी," करत. बायकांना वाटलं, माझ्या पिशवीत काही कमी निघालं. एक म्हणाली, "समद्यांला सारखंच हाय गं बाई." समद्यांना सारखंच होतं, तेच तर. मागे बारीक अक्षरांत छापलेलं: हाताने केलेले.

ते कार्ड मी ज्यो.साठी केलं होतं. तिची आई गेली तेव्हा. पालीला तिच्या माहेरी दहाव्याला गेले होते. तिच्या आईनं वावराच्या कडेला पेरलेला जवस फुलला होता आणि पेरणारी गेली होती. ऊन चढायच्या आत खुडला, कारण जवसाची पाकळी दुपारपर्यंत गळून जाते. पिशवीतल्या वर्तमानपत्रात तिथंच दाबला. मुंगीनं खाल्लेली पाकळीही राहू दिली, तिच्या आईच्या वावरातली मुंगी म्हणून. कार्डात एक अक्षर लिहिलं नाही. काय लिहिणार. ज्यो. ते छातीशी धरून रडली होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते.

आणि आज ते लग्नातल्या पिशव्यांना लटकत होतं. पोरं टॅग ओढून काढत होती, कुणी त्यानं दात कोरत होतं.

८ डिसें.
दुकानात गेले. दोन पोरी गिफ्टचा कागद निवडत होत्या, त्या जाईस्तोवर गप्प बसले. हे मला जमलं याचंच नवल. मग मांडवात गोळा केलेले टॅग काउंटरवर ठेवले.

"हे कावून केलंस?"

तिनं पहिल्यांदा ते ओढून ड्रॉवरमध्ये टाकले. मग म्हणाली, "तूच न्हाई म्हणलीस. मंग मी काय करायचं? आलेलं गिऱ्हाईक वापस लावायचं?"
"मला इचारायचं."
"इचारलं असतं तर व्हय म्हणली असतीस?"

नसते म्हणाले. हे तिलाही ठाऊक, म्हणून तर विचारलं नाही.

"ज्योते, ते कार्ड तुझी आई गेली तवा केलतं मी."
"मला दिलतंस. दिलं म्हंजी मपलं झालं. अन् फुलं कुणाच्या वावरातली? मपल्याच आईच्या. आईला बरंच वाटलं असतं, फुलं लेकीच्या कामी आली तर."

दिलेली वस्तू तिची, फुलं तिच्या आईची, मग माझं त्यात काय होतं? घरी येईपर्यंत उत्तरं ढिगानं सुचली, पण वरातीमागून घोडं.

एक मात्र तिथंच विचारलं. "देव्हाऱ्यात ठेवलतंस ना ते? काढताना हात धजला तुझा?"
ती म्हणाली, "परत ठेवलंय जाग्यावर."
जणू डबा उसना नेला होता.

९ डिसें.
आज कळलं ते कालच्याहून वाईट. बीडचं ते पाकीट. त्यात तेच कार्ड होतं. ह्यांनी नेलं, छापणाऱ्याच्या दुकानात स्वतःच्या हातानं दिलं.

"काय हाय ते बघितलं न्हाई?"
"बघितलं की. तुझं कार्ड वळखीना व्हय मी?"
"मंग सांगितलं कावून न्हाई?"
"ज्योतीबाई म्हणल्या, सांगू नका. अन् तुला कळलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

घेतलं असतं. घ्यायलाच हवं होतं. त्यासाठीच तर माणूस घरातल्या माणसाला सांगतं. ह्यांचं म्हणणं, उगं एवढ्या तेवढ्यावरून बायकाबायकांत वाकडं नको म्हणून गप्प बसलो. माझ्या भल्यासाठी. दोघंही माझं भलंच करत होते, फक्त मला वगळून.

आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेरच्या कुणी केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. भाजीत मीठ दोनदा पडलं. निमूट खाल्ली त्यांनी.

१२ डिसें.
पाट्याखालची शेवंती तशीच. काढावीशी वाटत नाही.

लताकाकू येऊन बसल्या. टॅग त्यांनी जपून ठेवलाय, देवाच्या पुस्तकात खूण म्हणून. "लई सुरेख केलेत गं. हुबेहूब." हुबेहूब म्हणे. छापलेलं आहे सांगितलं तर म्हणाल्या, "मंग तर अजून चांगलं, झडायचं न्हाई."

लोकांना फरकच पडत नाही. हे ज्यो.नं ओळखलं, मी नाही. मी आपली फुलाच्या देठाला देठ जुळवत बसले इतकी वर्षं. पण माझा राग लोकांवर नाही. त्यांना कुणी काय सांगितलं होतं? ज्यो.ला सगळं माहीत होतं. ऊन चढायच्या आत मी कशी पळत गेले, बांधावर कशी पडले, गुडघा कसा फुटला, तिनंच हळद लावली होती त्यावर. सगळं माहीत असून केलं. केसानं गळा कापला.

२३ डिसें.
सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यानं गेले. एका वावरात कडेला जवस फुललाय. पाय आपोआप थांबले. फुलं दाबायचं पुस्तक नेलं नव्हतं, मुद्दाम.

वावरातली बाई ओळखीची निघाली. "न्या की कार्डवाल्या बाई, तुमच्यासाठीच हायत फुलं." मग म्हणाली, ज्योतीताईच्या दुकानातून पोरीनं कार्ड आणलं, तुमचंच. आता स्वस्त केलीत म्हणे तुम्ही, आणि ढीगच्या ढीग. "एवढाले कवा करता वं?"

म्हणजे टॅगवर थांबली नाही ती. कार्डंही छापून आणली. आणि माझ्या नावानं विकतेय.

मी काय सांगितलं त्या बाईला? "होतात की," म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. ज्यो.ची अब्रू झाकली की माझी, तेही नीट कळत नाही. फुलं न घेता परत आले. रस्ताभर तिच्याशी मनात भांडले आणि प्रत्येक वेळी तीच जिंकली.

१ जानेवारी
हे स्वतःहून म्हणाले, "चुकलंच मपलं." जेवताना, ताटाकडे बघत. एवढंच. मी "हं" म्हटलं. त्यांना वाटलं मिटलं. मिटलं नाही, पण त्यांचं निदान तोंडातून निघालं.

ज्यो.कडून काही नाही. रस्त्यात दिसली, मी चपलांच्या दुकानात शिरले. आता नको असलेली चप्पल घरात आलीये.

१४ जाने., संक्रांत
आली. वाण घेऊन, भरल्या हातानं. सणाच्या दिवशी दारातून परत लावता येत नाही, हे जाणून आजचाच दिवस धरला. हुशार आहे. पहिल्यापासून.

"तिळगूळ घे, गोड बोल."
घेतला. तोंडात टाकला नाही, मुठीत धरून बसले. पाक लागून हात चिकट झाला.

इकडचं तिकडचं बोलली. मग एकदम, "सुमे, तुझ्याबिगर दुकानात करमत न्हाई." डोळे भरले तिचे. खरेच भरले, नाटक नव्हतं. तेच तर अवघड आहे. खोटी असती तर सोपं होतं.

"मंग छापणं बंद कर."
"आता कसं बंद करू? समदे तेच मागायलेत."

लगेच, त्याच दमात, "रविवारी मपला वाढदिवस हाय. कार्ड देशील ना? दरसाल देतीस."

मी म्हटलं बघते. म्हणजे नाही म्हटलं नाही. गेल्यावर स्वतःचाच राग आला. आणि आणखी एक लिहिते, कुणी वाचणार नाही म्हणून: ती बसली होती तेवढा वेळ घर भरल्यासारखं वाटलं.

१७ जाने.
बसले करायला. शेवंती काढली पाट्याखालून, उत्तम सपाट झालीये, इतके दिवस विसरल्याचा फायदा. कागद कापला. फूल उचललं, ठेवलं. पुन्हा उचललं.

आधी फूल ठेवताना ज्यो.चा चेहरा डोळ्यासमोर यायचा, हिला हे आवडेल, हे नाही आवडणार. आज ते बीडचं यंत्र येत होतं. हे फूल किती जणींच्या पिशवीला लटकेल. पाकळी तुटकी असेल तर सगळ्याच तुटक्या निघतील. असल्या विचारात फेविकॉल वाळून गेला.

वाटलं, ज्यो.नं कार्ड नाही नेलं माझं, हेच नेलं. कुणासाठी तरी करायचं, ते.

झालं नाही कार्ड. हे म्हणाले, "देऊन टाक की एखादं जुनं."

१८ जाने., रविवार
गेले. रिकाम्या हातानं निघाले होते, तिथं जाऊन काय करणार ते ठरलेलं नव्हतं. नवीन साडी नेसून बसली होती. मला पाहून उठलीच. हाताकडे बघितलं माझ्या.

दारात फिरतं स्टँड आहे कार्डांचं. फिरवून पाहिलं. तरवड, गोकर्ण, जवस, सगळी माझी आणि एकही माझं नाही. त्यातलं जवसाचं एक उचललं, काउंटरवर ठेवलं, पैसे काढले.

"हे काय गं, तुझ्याकडून पैसे घेऊ का मी?"
"घे. गिऱ्हाईक हाय मी."

तिनं घेतले नाहीत, मी तिथंच ठेवले. मग तेच कार्ड तिच्यापुढे सरकवलं. "वाढदिवसाचं. दरसाल देते, औंदाबी दिलं."

तिनं कार्ड उघडलं. आत शुभेच्छा छापलेल्याच होत्या. उलटं केलं. मागे छापलेलं: सुमनच्या हातची फुलं. म्हणजे सहीचीही सोय करून ठेवलेली. मी ते तेव्हाच पहिल्यांदा वाचलं. तीही जणू पहिल्यांदाच वाचत होती, इतका वेळ बघत राहिली.

"सुमे," ती म्हणाली, "एक शबूद तर लिही आत. तुझ्या हातानं."

पेन पुढे केलं. घेतलं मी. टोपण काढलं. काय लिहायचं होतं कोण जाणे, शिवी की तिचं नाव. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मायलेकी, कुणाच्या तरी बारशाला जायच्या घाईत. ज्यो. डोळे पुसत त्यांना बाळाची झबली दाखवायला लागली. मी थोडा वेळ उभी राहिले आणि निघून आले.

कार्ड तिच्या काउंटरवर आहे, आत कोरं. पेन चुकून माझ्यासोबत आलंय. उद्या नेऊन द्यावं का, अजून ठरवलेलं नाही.