फळ्यावर जागा पुरली नाही

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकला असशील. ताईचं पत्र आलं म्हणजे नक्की कुणीतरी गेलं! कुणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे, आवाजही शाबूत आहे. परवा मोठ्या सभागृहात माइक बंद पडला, तर मागच्या रांगेला तो बंद पडल्याचं कळलंसुद्धा नाही. तुझी बायको दर रविवारी फोन करते. तुझा गुडघा, पोरीच्या परीक्षा, दुकानाची नवी काचेची कपाटं, सगळं सांगते आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं, “ते जरा कामात आहेत, ताई.” अकरा वर्षं तू कामात आहेस. एका चष्म्याच्या दुकानात एवढं काम निघत असेल तर तुमचं अख्खं शहर आंधळं असलं पाहिजे.

संस्थेतली माझी खोली तीच आहे, दुसऱ्या मजल्यावरची. खिडकी अजूनही अर्धीच उघडते. खाली प्रांगणात आता आपल्या सिद्धांतातला स्फटिक उभा आहे, काळ्या दगडात कोरलेला, माझ्या उंचीचा. नवी मुलं आली की त्याला टेकून फोटो काढतात. पाटीवर आपल्या दोघांची नावं आहेत. तुझं नाव काढून टाका, असं तू कार्यालयाला दोन ओळींत कळवलं होतंस. ती चिठ्ठी मी दाबली. इथे माझा शब्द कुणी मोडत नाही, हे तुला माहीत आहेच. हल्ली त्याचीच मला भीती वाटते. मी जिन्यावरून उतरले की पोरं गप्प होतात. त्यांनी मला तोफ असं नाव ठेवलंय. तोफेला एक सोय असते, तिला कुणी उलटून विचारत नाही.

भाषणं चालू आहेत. शाळांमधून, कारखान्यांमधून, बोलावतील तिथे जाते. विज्ञान हे चार शहाण्यांच्या कुलपात ठेवायची चीज नाही, हे मी आजही टेबलावर हात आपटून सांगते. आणि सुरुवात आजही आपल्या दोघांपासूनच करते. सांगते की मेलेल्या ताऱ्याच्या गाभ्यात पदार्थ इतका दाबला जातो की अणूचं केंद्रकही टिकत नसावं, उरत असतील फक्त त्याच्याही आतले कण, क्वार्क. त्यांच्या एका गुणाला आम्ही रंग म्हणतो, पण तो डोळ्यांना दिसणारा रंग नव्हे. थंडीत या क्वार्कांच्या जोड्या जमतात आणि अडथळ्याशिवाय वाहू लागतात. दोघांचा वेग सारखा असेल तर एक इकडे, एक तिकडे, आणि जोडी जागच्या जागी राहते. पण वेग सारखे नसतील तर? मग मी सांगते, माझा एक धाकटा भाऊ होता, मी ढांगा टाकायची, तो तुरुतुरु यायचा. हात सोडायचा नाही म्हटलं तर आम्हाला सतत चालतच राहावं लागायचं. ताऱ्यातल्या या जोड्याही अशाच, चालत राहूनच टिकतात. आणि अशा असंख्य जोड्या एकत्र आल्या की जागोजागी दाट, जागोजागी विरळ अशी नक्षी उमटते. वाहतं आहे, तरीही ताठ आहे. द्रव आहे आणि स्फटिकही आहे. इथे टाळ्या पडतात. मागच्या महिन्यात एका पोरीने विचारलं, “भाऊ होता म्हणजे? आता नाहीये का?” मला पाणी प्यावं लागलं.

तू चार वर्षांचा असताना तुझे शब्द अडखळू लागले. आई म्हणायची, थांब गं जरा, त्याचं त्याला बोलू दे. मला धीर कुठला? दुकानदारासमोर तू “प… प…” करायला लागलास की मी म्हणायची, “पेन्सिल द्या.” कितीदा तुला पट्टी हवी असायची, तरी तू पेन्सिल घेऊन यायचास. वर्गात, पाहुण्यांसमोर, तुझ्या लग्नाच्या बोलण्यातही तुझी वाक्यं मीच पुरी केली. सगळे म्हणायचे, बहीण असावी तर अशी. मलाही तसंच वाटायचं.

इथे आपण एकत्र काम करू लागलो तेव्हा वाटणीही तशीच झाली. फळा माझा, तार तुझी. कुठली नक्षी सर्वांत कमी ऊर्जेत उभी राहते, ते ठरवायला जोड्या ज्या दिशांनी चालतात त्या दिशांचे बाण जोडून जोडून बंद आकार करायचे, चौकोन आणि षट्कोन, आणि प्रत्येक आकाराचा हिशोबातला वाटा घ्यायचा. मी फळ्यावर भराभर रेघा ओढायची. तू कोपऱ्यात स्टुलावर बसून तांब्याची तार वाकवत राहायचास. मी चिडवायची, “कानातले करतोयस का बायकोला?” फळा सपाट असतो, धाकट्या. एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या बोलघेवडीच्या लक्षात आली नाही. जे षट्कोन कागदावर मावत नाहीत, तीन टोकं वर आणि तीन टोकं खाली असे जे हवेत वळतात, ते फळ्यावर बंद झालेले दिसतच नाहीत. ते तारेतच दिसतात.

त्या परिषदेचा दिवस मी तुला पुन्हा सांगायला नको. मी तासभर बोलले. सभागृह मुठीत होतं. मग जुने संचालक काठी टेकत उठले आणि त्यांनी एकच विचारलं, “बंद आकार सगळे मोजलेत ना?” माझ्याआधी तू उभा राहिलास. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्याआधी. “सगळे नाही,” तू म्हणालास, एका दमात, न अडखळता. मग “फळ्यावर ज… ज…” आणि तिथे अडकलास. तीनशे माणसं थांबली होती. मी हसून माइक ओढला आणि म्हणाले, “फळ्यावर जागा पुरली नाही, असं म्हणतोय तो.” केवढा हशा पिकला. संचालकही हसले, बसले. तू उभाच होतास. नंतर खाली बसलास, आणि महिनाभराने राजीनामा देऊन सासऱ्यांच्या दुकानात जाऊन बसलास. लोक म्हणाले, ताण झेपला नाही बिचाऱ्याला. मीही हेच म्हणाले.

अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की सवयीने झालं. पेन्सिल आणि पट्टीसारखं. हे खोटं आहे. त्या दिवशी सकाळी तुला बोलवायला मी तुझ्या टेबलापाशी गेले होते. तू हात धुवायला गेला होतास. टेबलावर तारेचा षट्कोन होता, वाकडा, बंद झालेला, आणि त्याखाली वहीचं पान होतं. मी ते पान वाचलं, धाकट्या. खालची बेरीजही वाचली. ते आकार धरले तर आपली नक्षी हरत होती, दुसरी जिंकत होती. माझं भाषण पाऊण तासावर आलं होतं. मी पान होतं तसं ठेवलं आणि सभागृहात गेले. तू काय म्हणणार आहेस हे तिथे फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि त्याच माणसाने तुझं वाक्य पुरं केलं.

त्यानंतर सोळा विद्यार्थ्यांनी याच स्फटिकावर पदव्या घेतल्या. दोघं याच इमारतीत बसतात. प्रत्येकाने माझ्या फळ्यावर आणखी एक मजला चढवला, आणि मी तळघरात उभी राहून छताला हात लावून आहे. काढला तर कोसळेल, म्हणून काढता येत नाही. आपण एकदा त्या ताऱ्यातल्या भोवऱ्यांवर काम केलं होतं, आठवतं? ताऱ्याचं फिरणं मंदावत जातं, भोवऱ्यांना बाहेर सरकायचं असतं, पण स्फटिक ताठ असेल तर ते त्याच्या जाळीत अडकून पडतात. वर्षानुवर्षं. मी ते व्यासपीठावर फार रंगवून सांगायची. अडकलेल्याला आतून कसं वाटतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता हे पत्र का, ते सांगते. एका नियतकालिकाने माझ्याकडे एक निबंध तपासायला पाठवला आहे. लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं आहे; तूच आहेस की आणखी कुणी, ते मी विचारत नाही. त्यात वाकडे षट्कोन आहेत, सगळेच्या सगळे, आणि तुझ्या पानावरची ती बेरीज, शेवटच्या आकड्यापर्यंत. मी नकार लिहून काढला. दोन पानं, अगदी तुटून पडणारी. सवयीप्रमाणे मोठ्याने वाचून पाहिली, तर माझ्या खोलीत तो हशा ऐकू आला. ती पानं फाडली. निबंध बरोबर आहे असं कळवते आहे, आणि आपली नक्षी मागे घेत असल्याचं माझ्या नावाने छापायला देते आहे. त्यात एक वाक्य हवं आहे, हे आधी कुणी पाहिलं होतं आणि ते का ऐकू आलं नाही याचं. ते मी फार सुरेख लिहीन, म्हणून लिहिणार नाही. फोनही करणार नाही, फोनवर माझी जीभ तुझ्यापुढे धावेल. सोबत एक कोरा कागद आहे. त्यावर तू लिही, एक ओळ किंवा दहा पानं. नुसता कोरा परत पाठवलास तरी तो जसाच्या तसा छापायला सांगेन, माझ्या कबुलीच्या खाली. महिनाअखेरीची मुदत आहे, पण ती त्यांची. तुला लागेल तितका वेळ घे, मी त्यांना थांबवून ठेवते. त्या दिवशी तू “फळ्यावर ज…” इथपर्यंत आला होतास. पुढचे शब्द मला पाठ आहेत. मी जागा सोडली आहे.

तुझीच,
ताई