तिसरं पाणी

आई, फवारणीच्या दिवसांत तू पिण्याच्या पाण्याचा पितळी गुंड तीन पाण्यांनी धुवायचीस, आणि तिसरं पाणी फेकण्याआधी ओंजळीत घेऊन हुंगायचीस. कपाशीवरच्या औषधाचा हात कुणाचा कुठे लागला असेल याचा नेम नाही, असं तुझं म्हणणं. मी कॉलेजातून सुटीवर आले आहे, सोबत होस्टेलमधली मैत्रीण आहे, तिला तहान लागली आहे, आणि तू अंगणात उकिडवी बसून ओंजळ नाकाशी धरली आहेस. "आई, नाकानं कोणी पानी तपासते का? हे माही मैत्रीण हसून राह्यली तुले," मी म्हणते. "हसू दे नं. प्याचं तं तिलेच आहे," तू वर न पाहता म्हणतेस. आणि मग, "तू कॉलेजात गेली तं नाक बंद झालं का तुहं?" मैत्रिणीला तू पाणी दिलंस, वर गूळ दिलास. पण त्यानंतर मी घरी असले की तू माझ्याकडे पाठ करून हुंगायचीस. ते मला दिसत होतं.

आता मी वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेत पाण्यातलं कीटकनाशक ओळखणाऱ्या पट्ट्या तयार करते. तुला सांगायचं तर असं: ज्या औषधाचा शोध घ्यायचा, तेच औषध पट्टीवरचं पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखा थर, घट्ट होताना त्यात मिसळायचं आणि नंतर धुऊन काढायचं. मागे त्याच्या मापाच्या पोकळ्या राहतात. पुढे कुठल्या पाण्यात ते औषध असलं, तर नेमकं तिथे जाऊन बसतं आणि यंत्रावरचा आकडा चढतो.

यंदा भाद्रपदात मी आपल्याच गावच्या विहिरीवर पट्टी बुडवली. सगळे बघत होते. आकडा चढला. विहिरीचं पाणी पिऊ नका, असं मी सांगितलं आणि लोकांनी ते ऐकलं, कारण मी तुझी मुलगी. आठ दिवस बायका शाळेजवळच्या हापशीवरून पाणी वाहत होत्या. त्यांत तुझ्यासोबत निंदणाला जाणारी मावशी, दोन्ही गुडघे गेलेली. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेत त्याच खेपेला तयार केलेली पट्टी मी शुद्ध पाण्यात बुडवली, तर तिथेही आकडा चढला. धुणं अपुरं राहिलं होतं. विहिरीत नव्हे, माझ्या पट्टीतच उरलेलं औषध पाझरत होतं. आपल्या गावाला दाखवायची घाई होती म्हणून शेवटच्या धुण्याचं पाणी मी तपासलंच नव्हतं.

विहिरीचं पाणी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. आठव्या दिवशी अहवाल आला, त्यात ते औषध आढळलं नाही. मग गावात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी.

"म्हंजे पानी चांगलं होतं?" मावशीनं विचारलं.

"हो, मावशी."

"मंग काऊन वो बाई आमचे गुडघे फोडले आठ दिवस?" बायका हसल्या, मलाही हसावं लागलं. निघताना मात्र तिनं माझा हात धरला. "तुही माय गुंड भरला का मंग हुंगे नाई. भराच्या आंधी हुंगे. पाह्यलं नाई का तू कधी?"

पाहिलं होतं, आई. तुझं नाक खरं ठरलं असं मी लिहिणार नाही. कित्येक औषधांना वासच नसतो, आणि असलं पाणी नाकाशी नेणंही बरं नाही. पण तपासायचं पाणी कोणतं, हे तुला ठाऊक होतं. परवा इथे वर्ध्याला, सिंदी मेघेतल्या माझ्या घरी तपेली धुतली आणि तिसरं पाणी ओंजळीत घेऊन बराच वेळ उभी राहिले. मला माझ्याच हाताच्या साबणाचा वास आला. तुला त्यात काय कळायचं, हे विचारायला तू हवी होतीस. एवढ्यासाठी तरी एक दुपार हवी होतीस.

हे पत्र वहीतच राहील. वर एक गोष्ट खोटी लिहिली आहे, तेव्हाही खोटीच सांगितली होती. मैत्रीण हसली नव्हती, आई. ती तुझ्याकडे नीट बघत होती. लाज मला वाटली होती.